प्लेआउट सर्व्हरवरच्या क्लिपा : उडवायच्या कुणी, जपायच्या कुणी?

एमसीआर_सांगली | सोमवार, २२:१५

नमस्कार मंडळी. सांगलीतल्या एका स्थानिक केबल वाहिनीच्या एमसीआरमध्ये (मास्टर कंट्रोल रूम, जिथून प्रसारण चालतं) मी काम करते. इन्जेस्ट (फुटेज आत घेणं), रनडाउन (काय कधी वाजणार त्याची क्रमवार यादी), प्लेआउट (क्लिप एअरवर वाजवणं) सगळं एकाच खोलीतून चालतं. या विषयावर मराठीत सविस्तर कुठे सापडलं नाही, म्हणून धागा काढतेय.

आमचा सर्व्हर २४ टीबीचा, रेड ५ मध्ये लावलेला (अनेक डिस्क एकत्र, एक बिघडली तरी माल शाबूत). कच्चं फुटेज ५० एमबीपीएसच्या एमएक्सएफ (ब्रॉडकास्टमधला व्हिडिओचा प्रकार) फाइलमध्ये येतं, म्हणजे आवाजासकट तासाला साधारण २५ जीबी. दिवसाला आठ-दहा तासांचा माल आत येतो, त्यामुळे चार-पाच दिवसांत एक टीबी खलास. सर्व्हर भरत आला की 'जागा करा, जागा करा' सुरू होतं. मग ज्याच्या हाताशी माऊस असेल तो जुन्या तारखा निवडतो आणि उडवतो. त्यात काय गेलं हे सहा महिन्यांनी कुणी मागायला आलं की कळतं.

माझं मत स्पष्ट आहे. प्लेआउट सर्व्हरचं काम क्लिप वेळेवर वाजवणं एवढंच. जे जपायचं ते दुसरीकडे जायला हवं, आणि सर्व्हरवरून काहीही उडवण्याचा अधिकार एकाच माणसाकडे असावा. ऑफिसात म्हणतात, 'महत्त्वाच्या क्लिपांना लॉक लाव, झालं.' मला ते पुरेसं वाटत नाही.

तर लॉक कितपत भरवशाचा? टेप घ्यावी की हार्ड डिस्क? कच्चं फुटेज ठेवायचं की फक्त एअर झालेलं? आणि आमचं ऑफिस नदीकाठच्या गावभागाला लागून, सर्व्हर तळमजल्यावर. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि धोक्याची पातळी आहे ४५. हा चौथा प्रश्न समजा.

हळदबाजार | सोमवार, २२:३१

विषयातलं काही कळत नाही, पण वाचतोय. वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

जुना_इंजिनियर | सोमवार, २३:०२

ताई, तुमची शंका बरोबर आहे. मूळचा कराडचा, नोकरी सगळी ब्रॉडकास्ट इंजिनियरिंगमध्ये झाली. लॉकबद्दल आधी सांगतो.

क्लिपला लावलेला लॉक बहुतेक सर्व्हरांत डेटाबेसमधली एक खूण असते. प्लेआउटच्या सॉफ्टवेअरमधून कुणी डिलीट दाबलं तर सॉफ्टवेअर ती खूण बघतं आणि नकार देतं. पण तीच फाइल खाली स्टोरेजवर एका फोल्डरमध्ये पडलेली असते. ते फोल्डर नेटवर्कवर शेअर केलेलं असेल, एफटीपीचा (नेटवर्कवरून फाइल ने-आण करायची सोय) पासवर्ड चार जणांना माहीत असेल, किंवा एडिटचं मशीन ॲडमिन म्हणून लॉगइन असेल, तर तिथून फाइल उडवताना लॉकला कुणी विचारत नाही. वरच्या यादीत क्लिप तशीच दिसते, लॉकचं चिन्हही दिसतं, आणि रनडाउनमध्ये घातली की लाल होते, म्हणजे फाइलच सापडत नाही. म्हणून आधी हे बघा की मीडियाच्या फोल्डरवर लिहिण्या-खोडण्याची परवानगी नेमकी कुणाकुणाला आहे. ती फक्त सर्व्हरच्या स्वतःच्या सर्व्हिसला हवी. माणसांना वाचण्यापुरती द्या.

दुसरी गोष्ट सबक्लिपची. तासाभराच्या रेकॉर्डिंगमधून तुम्ही दोन मिनिटांची सबक्लिप काढता, तेव्हा बऱ्याच सिस्टिममध्ये नवी फाइल तयार होत नाही, मूळ फाइलमधल्या दोन टाइमकोडची (कुठून कुठपर्यंत) फक्त नोंद होते. सबक्लिप लॉक केली आणि मूळ तास 'जुना' म्हणून उडवला की सबक्लिप पोकळ राहते. काही सर्व्हर अशा वेळी अडवतात, काही अडवत नाहीत. तुमचा काय करतो ते एखादी निरुपयोगी क्लिप घेऊन तपासून बघा.

वाळव्याचा_भाऊ | सोमवार, २३:१८

पण रेड लावलंय म्हटल्यावर एवढं घाबरायचं काय? एक डिस्क गेली तरी चालतंय की. आमच्या कारखान्याच्या ऑफिसात पण तेच हाय.

जुना_इंजिनियर | सोमवार, २३:४०

भाऊ, रेड डिस्क बिघडण्यापासून वाचवतं, माणसाच्या बोटापासून वाचवत नाही. डिलीट दाबलं की सगळ्या डिस्कवरून एकाच क्षणी जातं. दोन सर्व्हर मिररला लावले असतील तर दुसऱ्यावरूनही जातं, कारण मिररचं कामच ते.

शिवाय रेड ५ एकच डिस्क गेलेली सोसतं. हल्लीच्या मोठ्या डिस्क बदलल्यावर पुन्हा बांधणी व्हायला दिवसभर किंवा त्याहून जास्त वेळ जातो, आणि तेवढा वेळ उरलेल्या सगळ्या डिस्क सलग वाचल्या जातात. त्या एकाच वेळी घेतलेल्या, एकाच बॅचच्या, तेवढंच चाललेल्या असतात. दुसरी नेमकी त्या ताणात मान टाकते. पुढच्या खेपेला रेड ६ घ्या, त्यात दोन गेल्या तरी निभावतं. पण त्याला बॅकअप समजू नका.

कंदी_पेढा | मंगळवार, ०७:५०

साताऱ्याहून बोलतोय. आमचं छोटं प्रॉडक्शन हाऊस आहे. अर्धं काम जाहिरातींचं, अर्धं जिल्ह्यातल्या यात्रा-जत्रा, मॅरेथॉन, कासचा हंगाम. आम्ही एलटीओ टेप (कॉम्प्युटरचा डेटा साठवायच्या चुंबकीय कॅसेट) वापरतो आणि समाधानी आहोत.

एलटीओ ८ च्या एका टेपवर १२ टीबी बसतात, एलटीओ ९ वर १८. खोक्यावर त्याच्या अडीचपट मोठा आकडा छापलेला असतो, तो कॉम्प्रेशन धरून. व्हिडिओ आधीच आवळलेला असतो, त्यामुळे तो आकडा आपल्या कामाचा नाही, कोटेशन घेताना दुकानदाराला हे सांगा. २०१० पासून एलटीएफएस ही टेपसाठीची फाइल पद्धत आलीय, त्यामुळे टेप कॉम्प्युटरवर एखाद्या डिस्कसारखी उघडते, फोल्डर दिसतात, फाइल ओढून घेता येते. फक्त धीर धरावा लागतो, कारण टेप शेवटी गुंडाळीच आहे, हवी ती जागा येईपर्यंत फिरणार.

सगळ्यात आवडतं ते म्हणजे कॅसेटवरची लाल खिट्टी. ती सरकवली की ड्राइव्ह लिहायलाच नकार देते. टेप कपाटात असताना तिला व्हायरस लागत नाही, विजेच्या झटक्याने जळत नाही, आणि घाईत कुणी उडवू शकत नाही. खटकतं एकच. ड्राइव्ह काही लाखांत जाते. टेप त्या मानाने स्वस्त.

पाटील_तासगाव | मंगळवार, ०९:१२

स्पष्ट लिहितो, राग नसावा. स्थानिक वाहिन्यांवर निम्म्याहून जास्त सत्कार, उद्घाटनं, वाढदिवस, फ्लेक्स. नारळ फोडला, फीत कापली, शाल घातली. हे लाखांच्या टेपवर घालून पुढच्या पिढीला काय देणार आहात? दर महिन्याला एका माणसाने बसून दहा टक्के निवडावं आणि बाकीचं निर्धास्त उडवावं. जागेचा प्रश्नच संपतो.

नायकिणीची_ताई | मंगळवार, ०९:४५

पाटील +१. आमच्याकडे सुद्धा लग्नाच्या कॅसेटचा ढीग आहे, बघत कुणीच नाही.

संग्राहक_मिरज | मंगळवार, ११:२०

पाटीलसाहेब, मी असहमत. मी मिरजेत व्हिडिओ शूटिंग करायचो, २००५ च्या पुराच्या मिनी डीव्ही कॅसेट अजून माझ्याकडे आहेत. त्यातली पुरासाठी म्हणून काढलेली मोजकीच. बाकी एका बँकेच्या नव्या शाखेचं उद्घाटन. आज लोक येतात ते त्या उद्घाटनाच्या फुटेजसाठी! पाहुण्यांच्या मागे हरभट रोडवरचं जुन्या बांधणीचं दुकान दिसतं, लाकडी फळ्यांची दारं, वरती सज्जा. ती इमारत आता नाही. दुकानमालकाच्या नातवाने ते बघितलं तेव्हा त्याचे आजोबा गल्ल्यावर बसलेले दिसले. फीत कुणी कापली यात त्याला काडीचा रस नव्हता.

काय महत्त्वाचं आहे हे त्याच महिन्यात बसून ठरवता येत नाही, एवढंच माझं म्हणणं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरज स्टेशनवरून लातूरला पाण्याची रेल्वे सुटली. टँकर वॅगनमध्ये पाणी भरण्याचं काम कसं चाललं होतं, पाइप कुठून कसा टाकला होता, हे सगळं त्या दिवसांत इथल्या कॅमेरामननी तासन्‌तास काढलंय. बातमीत त्यातले वीस सेकंद गेले. उरलेलं कुठं आहे?

पाटील_तासगाव | मंगळवार, ११:४१

आजोबांचा मुद्दा लागला. पण पैशाचं उत्तर त्याने मिळत नाही. वाहिनीचं महिन्याचं उत्पन्न काय आणि टेपचा खर्च काय?

एमसीआर_सांगली | मंगळवार, १४:०५

पाटीलसाहेब, प्रश्न रास्त आहे, ऑफिसातही हाच येणार. माझा हिशोब असा. दोनच ढिगारे करायचे. जे आपण सोडून दुसऱ्या कुणाकडे असण्याची शक्यता नाही, ते कच्चं सकट ठेवायचं : पूर, मोर्चे, बाजार समितीतले सौदे, गणपतीच्या मिरवणुका, नाट्यगृहातले स्थानिक प्रयोग, जुनी घरं पाडताना. जे बाहेरून आलेलं आहे (एजन्सीचे बाइट, जाहिराती, कंपन्यांचे तयार कार्यक्रम), ते मुदत संपली की जाऊ द्यायचं. आमच्या सर्व्हरवर या दुसऱ्या ढिगाने जवळपास तिसरा हिस्सा अडवलाय. जागा तिथे आहे, उद्घाटनांत नाही.

संग्राहक काका, तुमच्या कॅसेट अजून चालतात का? कशा उतरवता?

संग्राहक_मिरज | मंगळवार, १५:३०

अवांतर होईल, पण ताईंनी विचारलंय म्हणून लिहितो. मिनी डीव्हीवर चित्र आधीच डिजिटल असतं. फायरवायरने (कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायची जुनी डिजिटल केबल) कॅप्चर केलं तर टेपवर जे लिहिलंय तेच जसंच्या तसं फाइलमध्ये येतं, तासाला साधारण १३ जीबी. पिवळ्या-लाल-पांढऱ्या केबलने कॅप्चर केलं तर चित्र एकदा ॲनालॉग होऊन परत डिजिटल होतं आणि दर्जा पडतो. पण आजच्या कॉम्प्युटरला फायरवायर नसतं, कार्ड टाकावं लागतं, आणि चालू स्थितीतला कॅमकॉर्डर सांभाळावा लागतो. मी दोन जुने कॅमेरे केवळ यासाठी ठेवलेत. हेड घासलं की खेळ संपला.

दुसरं असं की उतरवताना इंटरलेस (एक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन फील्डमध्ये असते ते) काढू नका. दुकानवाला 'स्मूद करून देतो' म्हणतो आणि पन्नास फील्डमधली हालचाल पंचवीस फ्रेमवर आणतो. गेलेलं परत येत नाही. मूळ फाइल जशी उतरली तशी ठेवा, सोशल मीडियासाठी वेगळी बनवा.

आणि पावसाळ्यात कॅसेटला बुरशी धरते. पांढरट पावडर दिसली तर प्लेअरमध्ये अजिबात घालू नका, हेडही जाईल आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागेल. सिलिका जेलच्या पुड्या, घट्ट झाकणाचा डबा, आणि डबा जमिनीपासून वर.

हळदबाजार | मंगळवार, १५:५२

काका, हळदीचं पण अगदी हेच! ओल लागली की माल गेला. २०१९ ला पेठेत पाणी शिरल्यावर पोतीच्या पोती वाया गेली होती. विषय आता कळायला लागलाय.

कृष्णाकाठ_वकील | मंगळवार, १८:१०

कायद्याची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो.

केबल चालकाच्या स्वतःच्या चॅनलवर जे दाखवलं जातं त्याचं रेकॉर्डिंग ९० दिवस ठेवणं केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बंधनकारक आहे. उपग्रह वाहिन्यांनाही ९० दिवसांचंच बंधन आहे. तक्रार आली, नोटीस आली, तर तेच सादर करावं लागतं. हे रेकॉर्डिंग हलक्या दर्जाचं चालतं. १.५ एमबीपीएसने चोवीस तास धरलं तर दिवसाला १६ जीबीच्या आसपास, नव्वद दिवसांचं दीड टीबीच्या आत. पण त्यात लोगो, टिकर, जाहिराती सगळं चिकटलेलं असतं. काही ठिकाणी त्यालाच आर्काइव्ह समजून मूळ क्लिपा उडवलेल्या बघितल्यात. तो पुरावा म्हणून ठेवायचा रेकॉर्ड आहे, त्यातून पुन्हा कार्यक्रम बनवता येत नाही.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. इथे सगळे 'उडू नये' यावर बोलताहेत. काही क्लिपा एअरवर जाऊ नयेत म्हणूनही सांभाळाव्या लागतात. अत्याचाराच्या प्रकरणातल्या बालकाची ओळख पटेल असं काहीही दाखवायला पॉक्सोच्या (लैंगिक अत्याचारांपासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा) कलम २३ ने मनाई आहे. पॅकेजमध्ये, म्हणजे तयार बातमीत, चेहरा धूसर केलेला असतो, पण कच्च्या फुटेजमध्ये तो स्वच्छ दिसतो, गल्ली दिसते, शाळेचा गणवेश दिसतो. दोन वर्षांनी त्याच भागातली दुसरी बातमी करताना कुणीतरी शोधतो, ती कच्ची क्लिप सापडते आणि 'फाइल व्हिज्युअल' (साठवणीतलं जुनं दृश्य) म्हणून लावली जाते. असं घडू शकतं. म्हणून अशा क्लिपा प्लेआउटवरून काढून वेगळ्या, मोजक्या लोकांनाच उघडेल अशा जागी ठेवा, आणि नोंदीत ठळक लिहा.

एमसीआर_सांगली | मंगळवार, १८:३३

वकीलसाहेब, हा मुद्दा आमच्याकडे आजवर कुणी काढलाच नव्हता. पूरग्रस्तांचंही तेच आहे. छावणीत रात्री झोपलेल्या बायका, कपडे बदलायला आडोसा नसलेल्या. ते काढलं गेलंय, पण दरवर्षी पाऊस वाढला की पुन्हा पुन्हा पडद्यावर दाखवलं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. 'एअर बंद' असा वेगळा शेरा सुरू करते.

ग्रंथालयवाली | मंगळवार, २१:२७

मी साताऱ्यात ग्रंथालयात काम करते. तुमच्या सर्व्हरमधलं मला कळत नाही, पण वाचता वाचता एक प्रश्न पडला. शोधता कसं? पुस्तक फडताळात सुरक्षित असलं तरी तालिकेत नोंद नसेल तर ते नसल्यातच जमा.

जुना_इंजिनियर | मंगळवार, २२:०४

वर्मावर बोट ठेवलंत. बऱ्याच सर्व्हरांत फाइलचं खरं नाव हे नुसतं लांबलचक आकड्या-अक्षरांचं असतं. 'आयर्विन पूल, पूर, पहाट' हे नाव फक्त डेटाबेसमध्ये असतं. उद्या डेटाबेस गेला आणि सगळा मीडिया वाचला, तरी हातात काय राहील? हजारो निनावी फाइल, एकेक उघडून बघा. म्हणून मीडियाचा बॅकअप घेताना डेटाबेसचाही घ्या. तो काही जीबीचाच असतो, रोज रात्री घेता येतो, आणि तरी निम्म्या ठिकाणी कुणी घेत नाही.

ग्रंथालयवाली | मंगळवार, २२:४०

मग नाव देण्याची शिस्त हवी. आमच्याकडे एकच लेखक तीन प्रकारे लिहिला की तीन लेखक होतात. तुमच्याकडे इंग्रजी अक्षरांत गणपती लिहिताना कुणी मधे एक ए जास्त घालत असेल, मिरज कुणी जेने लिहीत असेल कुणी झेडने. शोधणाऱ्याला अर्धंच सापडणार. फाइलच्या नावात आधी वर्ष-महिना-दिवस, मग गावाचा ठरलेला छोटा कोड, मग क्रमांक, एवढंच ठेवा. बाकी सगळं वर्णन वेगळ्या रकान्यात, मराठीत, नीट देवनागरीत. गावांची आणि विषयांची एक पक्की यादी करून भिंतीला चिकटवा आणि त्याबाहेरचं नाव घेऊ नका.

आणि कॅमेरामन त्याच दिवशी दोन ओळी लिहून देईल असं बघा. कोण, कुठे, कोणत्या बाजूने काढलंय. महिन्याने विचारलं तर तोही सांगू शकत नाही.

वाळव्याचा_भाऊ | मंगळवार, २२:५८

कॅमेरामनकडनं दोन ओळी लिहून घेणं हे पूर ओसरवण्यापेक्षा अवघड हाय ताई. आमचा मेव्हणा त्याच धंद्यात हाय.

एमसीआर_सांगली | मंगळवार, २३:०६

आमचा राजी झालाय! लिहायचं नाही, बोलायचं. शूट सुरू करताना कॅमेऱ्यावरच बोलतो, 'सहा तारीख, टिळक चौक, पाणी गुडघ्यापर्यंत, तोंड नदीकडे.' ऑडिओ क्लिपमध्येच राहतो, मी ऐकून टाइप करते.

ग्रंथालयवाली | मंगळवार, २३:१०

ही पद्धत फारच आवडली.

नेटवर्क_दादा | बुधवार, १०:१५

थोडं भीतीचं बोलतो. तुमच्या सर्व्हरला इंटरनेट आहे का? २०१५ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सची टीव्ही५ मोंद ही वाहिनी हल्ल्यात तासन्‌तास बंद पडली होती. २०१९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या वेदर चॅनलचं थेट प्रसारण मालवेअरमुळे अडलं. ती बडी माणसं. आपल्याकडे धोका पेनड्राइव्हचा. जाहिरातवाला येतो, पेनड्राइव्ह देतो, 'साडेसातला लावा' म्हणतो, आणि तो थेट प्लेआउटच्या मशीनला लागतो. निवडणुकीत तर रांगच असते.

एक जुना कॉम्प्युटर वेगळा ठेवा, नेटवर्कला न जोडलेला. पेनड्राइव्ह तिथेच उघडा, तपासा, फाइल चालवून बघा, मग आपल्या स्वतःच्या ड्राइव्हवरून आत न्या. प्लेआउटच्या नेटवर्कला बाहेरचं जग दिसता कामा नये.

स्टोरेज झेडएफएसवर (डिस्कवर फाइल ठेवण्याची एक पद्धत) असेल तर स्नॅपशॉट लावा. दर तासाला त्या क्षणाची प्रत गोठवली जाते आणि तिला खोडता येत नाही, फक्त ॲडमिन काढू शकतो. कुणी चुकून फोल्डर उडवलं तर तासाभरापूर्वीचं परत मिळतं. एक लक्षात ठेवा. स्नॅपशॉट असेपर्यंत डिलीट केलेल्याची जागा मोकळी होत नाही. 'एवढं उडवलं तरी जागा का वाढेना' म्हणून लोक गोंधळतात.

सांगलीकर_इन_बंगळूर | बुधवार, १२:३०

एवढा खटाटोप कशाला, क्लाउडवर टाका ना सगळं.

नेटवर्क_दादा | बुधवार, १२:५५

१०० एमबीपीएसची लाइन पूर्ण आपलीच आहे असं धरलं तरी एक टीबी चढायला २२ तास लागतात. त्यांच्याकडे चार-पाच दिवसांत एक टीबी तयार होतो, म्हणजे जमेल, पण तेवढे तास लाइनवर दुसरं काही चालणार नाही. आणि परत उतरवायचे पैसे वेगळे. निवडक, खरोखर एकमेवाद्वितीय असं थोडं क्लाउडवर ठेवायला माझी हरकत नाही. सगळं मात्र नको.

वाळव्याचा_भाऊ | बुधवार, १३:२०

मग एसएसडी घ्या, लई फास्ट असतंय.

जुना_इंजिनियर | बुधवार, १३:४४

एडिटला घ्या, कपाटात ठेवायला नको. एसएसडीत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज न मिळता फार काळ पडून राहिली तर भार झिरपतो. टेप परवडत नसेल तर साध्या मोठ्या हार्ड डिस्क दोन-दोन घ्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. दोन्हीवर तेच भरा, दोन वेगळ्या इमारतींत ठेवा आणि अधूनमधून चालू करून तपासा.

कॉपी झाली म्हणजे झालं असंही नाही. मूळ फाइलचा आणि प्रतीचा एमडीफाइव्ह (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) काढून दोन्ही जुळले तरच 'उडवायला हरकत नाही' असा शेरा द्यायचा. रेकॉर्डिंग चालू असतानाच कुणी कॉपी लावली तर फाइल अर्धवट येते. नाव तेच, चिन्ह तेच, उघडली की मधेच संपते. तुमची मूळ आग्रहाची गोष्ट, एकाच माणसाला खोडण्याचा अधिकार, ती याच्याशी बांधा. त्या माणसाने आकडे जुळलेले बघितल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि तो रजेवर असेल तर खोडणं थांबेल. तेवढी मोकळी जागा सर्व्हरवर कायम राखून ठेवा.

पाटील_तासगाव | बुधवार, १७:०२

काल मी उडवा म्हणालो होतो. वाचून मत थोडं हललंय. नासाने अपोलो ११ च्या मूळ दर्जाच्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात असं २००९ मध्ये सांगितलं होतं, ते आठवलं. त्यांना टेपांचा तुटवडा, ताईंना टीबीचा. तरी सत्काराच्या बाबतीत मी ठाम आहे. पाच मिनिटं ठेवा, तास नको.

संग्राहक_मिरज | बुधवार, १७:२०

पाच मिनिटं मंजूर. पण सुरुवातीची पाच ठेवा, लोक जमत असतानाची. तेव्हा कॅमेरा रस्त्यावर असतो.

एमसीआर_सांगली | गुरुवार, २१:३५

आज ऑफिसात बैठक झाली. धाग्यातले मुद्दे छापून नेले होते.

मीडिया फोल्डरची परवानगी तपासली तर एडिटची तिन्ही मशीन ॲडमिन म्हणून लॉगइन निघाली. ती आज बदलली. डेटाबेसचा बॅकअप आजपासून रोज रात्री. खोडण्याचा अधिकार माझ्याकडे आला आणि माझ्या गैरहजेरीत कुणाकडेच नाही, हे साहेबांनी लेखी दिलं. सर्व्हर पावसाळ्याआधी वरच्या मजल्यावर जाईल. वायरिंगचा खर्च ऐकून कुरकुर झाली, पण २०२१ ला पाणी पुन्हा ५४ फुटांच्या वर आलं होतं हे सगळ्यांनाच आठवत होतं.

अडलंय ते दुसऱ्या जागेवर. विश्रामबागेत एका सहकाऱ्याचं घर आहे, तिकडे पूर येत नाही, एक प्रत तिथे ठेवायचं ठरतंय. तिसरी सांगलीबाहेर हवी. बँकेचा लॉकर बघितला, तो तळघरात आहे.

कंदी_पेढा | गुरुवार, २१:५०

आमच्याकडे ठेवा की. सातारा तुमच्यापासून सव्वाशे किलोमीटर, ऑफिस अजिंक्यताऱ्याच्या बाजूला चढावर. पुराचा प्रश्न नाही. आमच्या टेपांची दुसरी प्रत आम्हालाही साताऱ्याबाहेर ठेवायची आहे, ती तुमच्या विश्रामबागेत ठेवू. भाड्याचा विषय काढायचा नाही. येताना भडंग आणा, जाताना पेढे न्या.

हळदबाजार | गुरुवार, २१:५८

भडंग माझ्याकडून.

कृष्णाकाठ_वकील | गुरुवार, २२:१५

अदलाबदल उत्तम आहे, पण एक साधं पत्र करून घ्या. टेप तुमची, मजकुराचे हक्क तुमचे, ठेवणाऱ्याने उघडायची नाही, मागितल्यावर परत द्यायची. आणि 'एअर बंद' शेऱ्याच्या क्लिपा त्या टेपवर घालायच्याच असतील तर कूटबद्ध करून घाला. त्याची किल्ली टेपच्या डब्यात ठेवू नका.

एमसीआर_सांगली | गुरुवार, २२:४०

कंदी_पेढा, मनापासून आभार. साहेबांना उद्याच सांगते. ड्राइव्हच्या खर्चाला मात्र अजून होकार नाही. एका विक्रेत्याकडे वापरलेली एलटीओ ६ ची ड्राइव्ह बरीच स्वस्तात मिळतेय, टेपवर अडीच टीबी बसतात. सुरुवात तिने करावी का?

कंदी_पेढा | गुरुवार, २२:५६

थांबा, पैसे देऊ नका. आमची ड्राइव्ह एलटीओ ८ ची आहे. ती आठ आणि सात वाचते, सहा वाचत नाही. पूर्वीच्या ड्राइव्ह दोन पिढ्या मागचं वाचायच्या, आठ आणि नऊमध्ये ते एका पिढीवर आलंय. तुमची टेप माझ्या कपाटात सुरक्षित राहील, पण तुमची ड्राइव्ह पाण्यात गेली तर ती माझ्याकडे उघडणार नाही.

निदान सात तरी घ्या. नाहीतर असं करू. निवडलेला माल दोन हार्ड डिस्कवर भरून साताऱ्याला आणा, मी आमच्या ड्राइव्हवर तुमच्या टेपा लिहून देतो. टेपा तुमच्या, वेळ आमचा. एमडीफाइव्हची यादी सोबत आणा, लिहून झाल्यावर इथेच बसून जुळवू आणि मगच तुम्ही सर्व्हरला हात लावा. रविवारी दुपारनंतर मशीन मोकळं असतं.

एमसीआर_सांगली | गुरुवार, २३:०३

रविवारी येते. पहिल्या डिस्कवर २०१९ चं कच्चं घेते.